मोबाइलने पाहिलेला चौथीचा चंद्र

आमच्या घरातून दिसणारा चंद्र थरथरत असे. याचे कारण खगोलशास्त्रात नव्हते, भिंतीपलीकडे होते. घराला लागून बंडूभाऊंची पिठाची चक्की होती. तिचा पट्टा फिरू लागला की आमच्या फळीवरची भांडी एकमेकांना हळूच लागत, माठावरचे झाकण किणकिणत राही आणि गच्चीवर उभ्या केलेल्या दुर्बिणीत चंद्राची कड उकळत्या दुधावरच्या सायीसारखी हलू लागे. पिठाची बारीक पूड गच्चीपर्यंत येई. दुर्बिणीच्या आरशावर ती बसली की आई म्हणायची, "झाक ते, नाहीतर उद्या तिच्यात भाकरी थापावं लागन." आई अंगणवाडी सेविका होती. दिवसभर पोरांना गाणी शिकवून तिचा घसा बसलेला असे, त्यामुळे घरी ती थोडेच बोलायची आणि जे बोलायची ते परत बोलावे लागू नये अशा बेताने बोलायची.

बाबा एसटीत कंडक्टर होते. त्यांच्या बोलण्यालाही तिकीट फाडल्यासारखा नेमकेपणा होता. कुठून, कुठे, किती जण, एवढे कळले की त्यांच्या दृष्टीने कुठलीही हकिकत पूर्ण होई. पुढे मी वृत्तपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षे काढली. तिथे मला जे शिकवले गेले त्यातले निम्मे घरीच शिकून झाले होते. संध्याकाळी बाबा ड्युटीवरून आले की न्हाणीत पाय धुण्याचा आवाज, मग चामड्याची पिशवी खुंटीला अडकवण्याचा आवाज, आणि मग "सुजे, आज दिसला का तुया चंद्र?" हा प्रश्न. पावसाळ्यात त्याचे उत्तर रोज एकच असे. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर, वर तेलाची फोडणी आणि शेजारी हिरव्या मिरचीचा ठेचा, असे ताट समोर घेऊन मी ढगांची बातमी देत असे.

दुर्बीण आमची नव्हती. वाशीमला भौतिकशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून सहा इंची आरसा स्वतः घासला होता, पाण्याच्या जाड प्लास्टिक नळीत बसवला होता आणि खाली प्लायवूडची फिरती बैठक केली होती. त्यांना सगळे सर म्हणत. त्यांच्या घरच्या व्हरांड्यात दर पौर्णिमेला चंद्र पाहणाऱ्या हौशी लोकांची बैठक भरे. पौर्णिमेलाच का, असे मी पहिल्या दिवशी विचारले. सर म्हणाले, "कारण त्या दिवशी पाहण्यासारखं काही नसतं." ते खरे होते. पूर्ण चंद्रावर सावल्या पडत नाहीत, आणि सावल्या नसतील तर डोंगर काय नि दरी काय, सगळे पांढरे पीठ. हौशी लोकांच्या सुट्टीचा तो दिवस होता.

दुर्बीण एकच होती आणि मागणारे पुष्कळ. म्हणून सरांनी रीत घातली होती. दुर्बीण ज्याच्या घरी असेल त्याला ते चंद्रावरची एखादी चमत्कारिक जागा नेमून देत. तिचा फोटो स्वतः काढून पौर्णिमेच्या बैठकीत दाखवायचा. दाखवला तर दुर्बीण होळीपर्यंत, म्हणजे स्वच्छ आकाशाचा आख्खा हिवाळा, त्याच्याकडे राहील. नाही दाखवला तर ती पुढच्या माणसाकडे जाईल. पावसाच्या दिवसांत ती माझ्याकडे आली, कारण पावसाच्या दिवसांत ती कोणालाच नको होती. पुढचा माणूस होता रिसोडच्या एका अडत्याचा मुलगा नीलेश. तो माझ्याच वयाचा होता. दुर्बीण सुपूर्त होत होती तेव्हा तो तिच्याकडे पाहुण्यांच्या ताटातल्या लाडवाकडे पाहावे तसा पाहत होता. "संभाळून ने," तो मला म्हणाला, "मले धक्के खाल्लेली नोको."

बाबांच्याच गाडीतून ती मेडशीला, आमच्या गावी, आली. मागच्या बाकावर मी आणि माझ्या मांडीवर नळी. प्रवाशांनी तिला बोअरचा पाइप म्हटले, तोफ म्हटले, एका म्हाताऱ्याने ती मोरीची नळी असल्याचा निर्वाळा दिला आणि अशी नळी कुठे मिळते ते विचारले. बाबांनी तिचे सामानाचे तिकीट फाडले आणि माझ्या हातात दिले. पोटच्या पोरीलाही सवलत नव्हती.

मला नेमून दिलेली जागा होती पेटाव्हियस. चंद्राच्या उजव्या कडेजवळचे हे एक मोठे विवर. त्याच्या मधोमध डोंगर आहे आणि त्या डोंगरापासून विवराच्या भिंतीपर्यंत एक सरळ भेग गेली आहे. तबकडीवर एकच काटा असलेले घड्याळ असते तर ते असे दिसले असते. गंमत अशी की ही भेग हवी तेव्हा दिसत नाही. तिथे सूर्य नुकताच उगवलेला असतो तेव्हा सावल्या लांब पडतात आणि भेग काळ्या दोऱ्यासारखी उमटते. सूर्य वर चढला की कोणी माती टाकून बुजवावी तशी ती नाहीशी होते. अमावास्येनंतरची तिसरी आणि चौथी संध्याकाळ, एवढाच तिचा मुक्काम. पौर्णिमेनंतर ती पुन्हा एकदा दिसते, पण माझी मुदत पौर्णिमेला संपत होती. श्रावणातल्या दोन्ही संध्याकाळी ढगांत गेल्या. सरांनी एक महिना वाढवून दिला आणि आता आणखी वाढणार नाही असे सांगितले. भाद्रपदातली तिसरी संध्याकाळही ढगांत गेली. उरली चौथी.

भाद्रपदातली चौथ म्हणजे गणपतीचा दिवस. त्या दिवशी चंद्र पाहू नये, पाहिला तर चोरीचा खोटा आळ येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. आमचे घर बौद्ध. आजोबांच्या वेळीच देव विसर्जित झाले होते, त्यामुळे आम्हाला चौथीची बंदी नव्हती आणि मी निर्धास्त होते. अडचण फोटोची होती. आमच्या घरात कॅमेरा नव्हता. आळीत कॅमेऱ्याचा मोबाइल एकच होता आणि तो बंडूभाऊंचा होता. बंडूभाऊंच्या घरी गणपती बसत असे.

मी चक्कीवर गेले तेव्हा ते सुपातून गहू ओतत होते. भुवयांपासून मिशीपर्यंत पांढरे झालेले असल्यामुळे त्यांचे वय कधीच कळत नसे.

"बंडूभाऊ, तुमचा मोबाइल एका सांजेपुरता पायजे."

"कोन्या सांजेले?"

"चौथीच्या."

"कायले?"

"चंद्राचा फोटो काढाले."

त्यांनी चक्की बंद केली. गिऱ्हाईक समोर असताना ते असे करत नसत.

"येडी झाली का व तू? चौथीले चंद्र पाह्यते का कोनी?"

"तुमी नोका पाहू. मी पाह्यीन. आमच्यात चालते."

"तू पाह्यशीन, तुले चालते, बराबर. पन फोटो कोन काढन?"

"मोबाइल."

"मोबाइल कोनाचा?"

"तुमचा."

"मंग आळ कोनावर?"

मी म्हणाले, मोबाइलला कुठे धर्म असतो. बंडूभाऊ म्हणाले, "सिमकारड मायाच नावावर हाय."

त्यांची भीती पोकळ नव्हती. ती समजायला चक्कीवाला असावे लागते. "दुसऱ्यावर आळ कधी तरी येते," ते म्हणाले, "चक्कीवाल्यावर रोजच येते. बाई डबा घेऊन घरी जाते, हातानं उचलून पाह्यते, म्हंते पीठ कमी भरलं. आता गावाले कळलं का बंड्याच्या मोबाइलनं चौथीचा चंद्र पाह्यला, त उद्यापासून लोकं काटा घेऊन येतीन इथं. धंदा बसन माया." समोर गव्हाची पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईने, आपण काटा आणायचा विचार आधीच केला होता, असे सांगितले. बंडूभाऊंनी माझ्याकडे हात दाखवला. म्हणजे, पाहिलेस?

मी निघाले. दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. दुर्बीण गेली तर मला काय वाटेल याची त्यांना कल्पना असावी. संध्याकाळी चक्की थांबली की ते कधीकधी गच्चीवर येत आणि "दाखव बरं चंद्र" म्हणून डोळा लावत. इलाज आहे, असे ते म्हणाले.

इलाज सगळ्यांना माहीत होता. चौथीचा चंद्र चुकून दिसलाच तर दुसऱ्याच्या पत्र्यावर दगड टाकायचे आणि घरमालकाच्या शिव्या खायच्या. शिव्या कानावर पडल्या की आळ उतरतो. यासाठी आमच्या आळीत शेवंतामायचे घर राखीव होते. ती दोन घरे सोडून राहायची, एकटी. नवरा वारलेला आणि मुलगा पुण्याकडे कंपनीत. तिच्या शिव्यांना लय होती, दम होता आणि त्या कधी परत परत येत नसत. तीही बौद्धच. तिच्या सासऱ्याने धम्म घेतला तेव्हा घरातले देव विहिरीत सोडले होते. शिव्या सोडाव्यात असे तिला कोणी सांगितले नव्हते. विहारात एकदा पंचशील घेऊन झाल्यावर कोणी तरी तिला वाणीवरून हटकले. ती म्हणाली, "खोटं बोलू नोको म्हंतलं हाय. मी खोटं काय बोलते?" चौथीच्या संध्याकाळी ती ओट्यावर काठी घेऊन वाट पाहत बसायची. ज्या वर्षी दगड कमी पडत त्या वर्षी दुसऱ्या दिवशी आळीत कोणाशी धड बोलत नसे.

"ज्यानं पाह्यलं त्याच्या कानावर शिव्या पडाव लागते," बंडूभाऊ म्हणाले. "मोबाइलनं पाह्यलं त मोबाइलच्या कानावर."

"मोबाइलले कान हाय?"

"हाय ना." त्यांनी आवाज भरून घेण्याची सोय काढून दाखवली. चक्की बिघडली की तिचा आवाज भरून ते अकोल्याच्या मिस्त्रीला ऐकवत असत. "फोटो झाला का लगेच शेवंतामायच्या पत्र्यावर दगड टाकाचे. ते बोलन ते सारं याच्यात भराचं. काही सोडाचं नाही. मंग मोबाइल वापस."

मी कबूल केले. त्या काळात माझ्याकडे दुसरा मोबाइल असता तर हा करार झाला नसता, आणि हे प्रकरणही लिहिले गेले नसते. आज माझ्या पर्समधला फोन चंद्र दिसला की स्वतःच ओळखतो आणि विचारल्याशिवाय सुधारतो. त्याला कोणाचीही भीती वाटत नाही.

चौथीच्या दुपारी आभाळ भरून होते. तीनच्या सुमारास पश्चिमेकडून ते फाटू लागले आणि सूर्य मावळताना नैर्ऋत्येला, सोयाबीनच्या शेतांवर, कोर दिसली. अंधार पडण्याची वाट मी पाहणार नव्हते. पूर्ण काळ्या आकाशात तो मोबाइल गोंधळून चंद्राला पांढरा ठिपका करून टाकत असे. तिन्हीसांजेला आकाशात उजेड असतो तेव्हा त्याला चंद्र झेपत असे. हे मला आधी एकदा, बंडूभाऊ जेवायला बसलेले असताना, त्यांच्या मोबाइलवर करून पाहिल्यामुळे ठाऊक होते. ती दशमी होती. दशमीला आळ येत नाही.

बंडूभाऊ आरतीच्या आधी आले. मान छातीला टेकलेली, मोबाइल रुमालात गुंडाळलेला, कॅमेऱ्याच्या भोकावर कुंकवाच्या डबीतला कापूस लावलेला. "मी गेल्याबिगर काढू नोको," म्हणाले आणि जिना न पाहता उतरले. शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या, ते आवाजावरून समजले. घरी जाऊन त्यांनी चक्कीचे बटण बंद केले आणि आळीत शांतता पसरली. नंतर घराघरांतून झांजा आणि टाळ्या सुरू झाल्या. सगळे आत होते. आभाळाखाली मी एकटी.

बरणीच्या झाकणाला भोक पाडून मी नेत्रभिंगावर बसेल अशी खोबण केली होती. मोबाइल तीत अडकवला. चंद्र एका जागी थांबत नाही. दुर्बिणीत तर तो चालत चालत चौकटीबाहेर जातो, म्हणून एका हाताने नळी ढकलायची, दुसऱ्याने बटण दाबायचे आणि श्वास धरायचा. चक्की बंद होती, पण चौकातल्या मंडळाचा ढोल सुरू झाला. प्रत्येक ठोक्याला पेटाव्हियस उडी मारे. दोन ठोक्यांच्या मधली जागा शोधून मी बटण दाबत गेले. एवढ्यात आई वाळत घातलेले कपडे काढायला वर आली. तिने मान खाली घालून दोरीवरचे सगळे कपडे काढले, चिमटे गोळा केले आणि मान खाली घालूनच जिन्याकडे गेली.

"आई, तू काहून खाली पाहून राह्यली? आपल्यात कुठं हाय ते?"

"मान अवघडली हाय," आई म्हणाली.

या माहितीला दुसऱ्या कुठल्याही सूत्राकडून दुजोरा मिळाला नाही.

कोर लिंबाच्या शेंड्यामागे जाईपर्यंत मी फोटो काढत होते. बहुतेक हललेले होते. एकात विवर होते, डोंगर होता आणि डोंगरापासून भिंतीपर्यंत केसासारखी एक काळी रेघ होती. मी तो फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, पुन्हा मोठा केला. रेघ होती.

मग खाली उतरून शेवंतामायच्या घरामागे गेले. मोबाइल तिच्या खिडकीच्या दगडी चौकटीवर ठेवला, आवाज भरणे सुरू केले आणि पत्र्यावर तीन दगड टाकले. मोठे नव्हते, पण पत्रा मोकळा होता, आवाज चांगला झाला. शेवंतामाय त्या संध्याकाळी पहिल्या दगडाची वाटच पाहत होती. जे झाले त्यातले छापण्याजोगे तेवढेच इथे देते.

"कोन हाय रे मुडद्या! हात झडो तुह्ये! तुह्या लग्नात पंगत बसो आन वरण आंबो! तुह्या बैलाले गोचिड लागो, तुह्या सोयाबीनले शेंग न धरो, धरली त दाना न भरो! मले ठाऊक हाय कोन व्हय! कंडक्टरची पोट्टी व्हय! आज चौथ, आन सांजपासून नळी रोखून बसली गच्चीवर, चंद्र पाहू पाहू! काय घोडं मारलं व चंद्रानं तुयं? त्याच्यावर नळी, मायावर दगड! तुया बाप तिकिटं फाडते, आन तू..."

इथून पुढे छापण्याजोगे काही नाही. ती मधून दम घ्यायला थांबली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावल्याचा आवाज आला आणि ती नव्या जोमाने सुरू झाली. बंडूभाऊंनी काही सोडू नको असे सांगितले होते. मोबाइलमधली जागा संपेपर्यंत मी भिंतीला पाठ लावून बसले. मोबाइल परत दिला तेव्हा बंडूभाऊंनी तो कानाला लावून सगळे ऐकले. ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला आणि मग हळूहळू खुलत गेला. "उतरला आळ," ते म्हणाले. "पार उतरला."

भाद्रपदाच्या पौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली. खीर खाल्ली आणि त्याच पांढऱ्या कपड्यांत वाशीमची गाडी पकडली. सरांना फोटो ज्यात काढला त्याच यंत्रात बघायचा होता आणि बंडूभाऊ ते यंत्र नजरेआड करायला तयार नव्हते, म्हणून बंडूभाऊही आले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता, पण कानांच्या पाळ्यांमागे पीठ होते.

सरांच्या व्हरांड्यात सात-आठ जण होते. नीलेश आधीच येऊन बसला होता आणि त्याने दुर्बीण बांधून न्यायला सुतळी आणली होती. मोबाइल हातोहात फिरला. लोकांनी भेग पाहिली, मान डोलावली. नीलेशकडे आला तेव्हा त्याने तो बराच वेळ धरून ठेवला आणि बटणे दाबली.

"सर," तो म्हणाला, "याच्यातली तारीख तर कित्येक वर्षं जुनी आहे. तेव्हा हिच्याकडे दुर्बीण नव्हती. हा नेटवरून उतरवलेला फोटो आहे. चोरलेला."

बंडूभाऊंनी मोबाइल घेतल्यापासून त्यातली तारीख लावलीच नव्हती. हे मला माहीत नव्हते. त्यांनाही तारीख लावावी लागते हे माहीत नव्हते. मी फोटो काढला, एवढेच माझे म्हणणे होते, आणि चोरी करणाराही तेच म्हणाला असता. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते नाही म्हणण्याआधी चष्मा पुसत असत. होळीपर्यंतचा हिवाळा माझ्या डोळ्यांसमोर रिसोडच्या गाडीत बसला.

तेवढ्यात बंडूभाऊ उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पडला नव्हता. उलट आपले बोलणे खरे ठरल्याचे समाधान त्यावर होते.

"पाह्य सुजे! म्हणलो होतो का नाही? आला ना आळ! चोरीचाच आला!" मग नीलेशच्या हातून मोबाइल घेत म्हणाले, "सर, घाबरू नोका. इलाज हाय मायापाशी."

कोणी काही विचारायच्या आत त्यांनी आवाज पूर्ण मोठा करून शेवंतामाय सुरू केली. पुरावा म्हणून नव्हे. दम्याचा झटका आल्यावर माणूस पंप काढतो, त्याच तातडीने.

पहिले वाक्य झाले तेव्हा समोरचे बँकेतले गृहस्थ उभे राहिले. सोयाबीनच्या शेंगांपर्यंत आले तेव्हा सरांच्या पत्नी चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन थांबल्या होत्या आणि कप ट्रेमध्ये वाजत होते. त्या हसत होत्या हे नंतर कळले. मी व्हरांड्याच्या फरशीकडे पाहत होते. "कंडक्टरची पोट्टी," शेवंतामाय म्हणाली, "आज चौथ, आन सांजपासून नळी रोखून बसली गच्चीवर..."

"बंद करा," सर म्हणाले. मग म्हणाले, "नाही, थोडं मागे घ्या. नळी कधीपासून रोखली म्हणाल्या त्या?"

बंडूभाऊंना मागे घेता येत नव्हते. त्यांनी पहिल्यापासून लावले. व्हरांड्याने सगळे दुसऱ्यांदा ऐकले. या वेळी कोणी उभे राहिले नाही. नळीचे वाक्य पुन्हा येऊन गेले आणि त्यापुढची मजल सुरू झाली तेव्हा सरांनी हात वर केला. बंडूभाऊंनी नाइलाजाने बटण दाबले. "अजून निम्म्याच्या वर हाय," ते म्हणाले.

या बाई कोण, त्यांनी मला का पाहिले आणि माझ्यावर का रागावल्या, हे सरांनी मला विचारले. मी क्रमाने सांगितले. कुठून, कुठे, किती जण. सरांनी मोबाइल मागून घेतला आणि फोटो पुन्हा मोठा करून अगदी डोळ्यांजवळ धरला.

"नीलेश," ते म्हणाले, "चंद्राचे फोटो नेटवर हजारांनी आहेत. एकाहून एक स्वच्छ. ज्याला चोरायचंच आहे तो हा असला फोटो कशाला चोरेल?"

व्हरांडा हसला. नीलेशही हसला. निर्दोष सुटका आणि कामाची नालस्ती एकाच वाक्यात होऊ शकते, हे मला त्या दिवशी कळले. पुढे संपादकांच्या हाताखाली असताना त्याचा उपयोग झाला. दुर्बीण होळीपर्यंत मेडशीला राहील असे सरांनी सांगितले आणि सगळ्यांना चहा दिला गेला. नीलेशने आणलेली सुतळी पुन्हा गुंडाळून खिशात घातली. मग तो बंडूभाऊंच्या शेजारी जाऊन बसला आणि ब्लूटूथने ते भाषण आपल्या मोबाइलमध्ये घेऊ का म्हणून विचारू लागला. रिसोडला अडतीवर याचा फार उपयोग होईल, असे त्याचे म्हणणे होते.

परतीच्या गाडीत बंडूभाऊंनी ही हकिकत आधी शेजारच्याला, मग मागच्या बाकाला, मग उभ्या असलेल्यांना सांगितली. वाटेत, वाशीमकडच्या मालेगावला, गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहावाल्याला सांगितली. मेडशीला पोचलो तेव्हा ती आमच्या आधी पोचलेली होती. आळीच्या तोंडाशीच शेवंतामाय ओट्यावर बसली होती. सकाळी विहारात नेसलेले पांढरे लुगडे अजून अंगावर होते. तिला पाहताच बंडूभाऊ गल्लीच्या दुसऱ्या बाजूने, भिंतीला घासून, घरी गेले. मला तेवढी चपळाई जमली नाही.

"सुजे. इकडं ये."

मी गेले.

"माया शिव्या वाशीमले नेऊन ऐकवल्या म्हंते तुमी?"

"हो, माय."

"सायबा लोकांत?"

"एक प्राध्यापक होते. एक बँकेतले होते."

"बाया होत्या?"

"एक होती. सरांची बायको."

शेवंतामायने पदर सारखा केला. मी दोन पायऱ्या खाली सरकून उभी राहिले.

"पुऱ्या ऐकल्या त्याहीनं?"

"नाही, माय. अर्ध्यातच बंद कराले लावल्या सरांनी."

"अर्ध्यात?" ती इतक्या जोरात म्हणाली की समोरच्या दारातून दोन डोकी बाहेर आली. "पैला अर्धा त मी उगा तोंड धुवासाठी घेते. खरं ते पुढंच असते. अर्ध्या शिव्यानं अर्धाच आळ उतरते व, येडे!"

"पन दुर्बीण तर राह्यली, माय. होळीपर्यंत आमच्याच घरी."

"अर्धीच राह्यली असन," शेवंतामाय म्हणाली. "पाह्य जाऊन."

आम्ही या गोष्टी मानत नव्हतो. मी घरी आले, पिशवी ठेवली आणि पाय न धुताच गच्चीवर गेले. आरसा, नळी, बैठक, नेत्रभिंग, एकेक हात लावून पाहिले. दुर्बीण पूर्ण होती.